सतीशदादाने मला दिलेली भूमिका

सतीशदादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी म्युनिकला, ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभा होतो. "झोपेतच गेले रे..." एवढंच त्या म्हणाल्या. हातातलं ताट तसंच ठेवून बाहेर आलो, आणि आधी आठवलं ते जर्मनीतल्याच आखन शहरात आम्ही केलेलं नाटक.

मी तिथे शिकत होतो. दादा तिथेच इंजिनिअर, पण जीव पुण्याच्या हौशी रंगभूमीत अडकलेला. शेजारी राहणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या बाईंनी त्याला त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतलं एक नाटक वाचून दाखवलं. मायदेशात दंगली पेटलेल्या, परदेशात एका घरात राहणारी चार माणसं, आणि त्यांच्यातलाच एक जण घरातलं बोलणं सरकारला कळवतोय. बाई जर्मनमध्ये अर्थ सांगायच्या, दादा मराठीत उतरवायचा. हिवाळाभर तेच चाललं होतं. "ही आपलीच माणसं आहेत रे," तो म्हणायचा. "बातम्या बघत जेवण गार करतात, पण परतीचं तिकीट काही काढत नाहीत."

तालमी त्याच्याच घरी व्हायच्या. त्याच सुमारास भारतात विद्यार्थ्यांची आंदोलनं सुरू झाली आणि तालमीनंतरच्या चहावर आमचे वाद रंगू लागले. एक दिवस आमच्याबरोबर नाटकात असलेल्या निखिलच्या वडिलांना नाशिकला निनावी फोन आला. मुलाला जरा आवरा, म्हणे. निखिल आमच्यात बसून जे बोलला होता, ते त्यांना शब्दन् शब्द ऐकवलं गेलं. म्हणजे खोलीतल्याच कुणीतरी ते बाहेर नेलं होतं.

निखिलने नाटक सोडलं. आम्ही एकमेकांच्या मोबाइलकडे बघू लागलो. कुणी पाणी प्यायला आत गेलं की बाहेरचं बोलणं थांबायचं. मेघना म्हणाली, "दादा, बंद करू या हे."

"नाही," दादा म्हणाला. "ज्याने सांगितलं त्यानेही उद्या यायचं. मी कुणाला काही विचारणार नाही."

निखिलची भूमिका त्याने मला दिली. खबर देणाऱ्याची. शेवटी तो कबुली देतो तो प्रवेश माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. "घाई नको करूस. कबूल करायला वेळ लागतो माणसाला." प्रयोग छान झाला. नंतरही दर दिवाळीला दादाने मला आग्रहाने घरी बोलावलं.

गेल्या आठवड्यात आखनला गेलो. त्या दिवाणखान्यात आता वहिनी एकट्याच. बोलता बोलता विचारलं, "निखिलचं बोलणं बाहेर कुणी नेलं, दादाला कधी कळलं का?"

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग हलकेच म्हणाल्या, "राहू दे आता. ते तुझ्यावर कधीच रागावले नव्हते."

"वहिनी, मी नव्हतो."

"बरं," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

इतकी वर्षं तू मला मायेने जेवू घातलंस, दादा, न केलेल्या गोष्टीची माफी देऊन. एकदा विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं... तुला ते खरं वाटलं असतं का?