दोघींपैकी कोणी मरू नये अशी कादंबरी

"ऐतिहासिक पाहिजे. दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम पाहिजे. आणि शेवटी दोघींपैकी कोणी मरता कामा नये."

माझी मैत्रीण रोह्याच्या पुलावर उभी राहून हे एका दमात बोलली, वाण्याला सामान सांगावं तसं. मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. त्यामुळे गेल्या चारशे वर्षांत जे घडलं आणि जे घडायचं राहून गेलं, त्या सगळ्याला मीच जबाबदार, अशी तिची समजूत होती.

मागणीमागे कारण होतं. मैत्रीण धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होती आणि पुलापलीकडे अष्टमी गावात राहायची, एका इंग्रजीच्या शिक्षिकेबरोबर. ही शिक्षिका कऱ्हाडकडची, म्हणून सगळे तिला 'घाटावरची' म्हणत. दोघींचा संसार बरीच वर्षं सुखाने चालला होता. मैत्रिणीची आई गावी, गडबला असे. तिच्या लेखी घाटावरची ही मुलीची 'रूम पार्टनर' होती. कंपन्यांच्या गावात हा शब्द फार सोयीचा, त्यात काहीही मावतं.

मुलीने लग्न करणार नाही म्हटल्यावर आईने तिचा नाद सोडला होता, पण रूम पार्टनरचा सोडला नव्हता. तिच्यासाठी आईने आपला सख्खा भाचा हेरून ठेवला होता. कंपनीत परमनंट, स्वतःची मोटरसायकल, सुपारीचंही व्यसन नाही. भाताची लावणी उरकली की आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अष्टमीला राहायला येणार होती आणि भाचा तिथेच मुलगी बघायला येणार होता.

"त्याच्या आधी आईला सांगायलाच पाहिजे," मैत्रीण म्हणाली. "पण माझं तिला खरं वाटणार नाय. पुस्तकातलं वाटेल."

हे मात्र खरं होतं. आई फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायची. सामाजिक कादंबरी म्हणजे शेजारच्या भानगडी, त्या ओटीवर बसून फुकट ऐकू येतात, असं तिचं मत. जुन्या काळी जे झालं ते खरं, आणि बहुतेक वेळा बरोबरही.

कादंबरीने कोणाचं मन बदलतं यावर माझा विश्वास नव्हता. तसं असतं तर आपल्याकडचे ग्रंथालयांचे अध्यक्ष कधीच सुधारले असते. तरी मी शोधाला लागले. मराठी कपाटात सगळीकडे तेच: मुखपृष्ठावर तलवार, आत दोन प्रस्तावना, आणि फोटो काढून घेत असल्यासारखी बोलणारी माणसं. शेवटी एक जाडजूड कादंबरी सापडली. तिच्यात राणी आणि दासी एकमेकींच्या केसांत फुलं माळत बसतात आणि लेखकाच्या नकळत प्रकरण रंगत जातं.

"तिसऱ्या प्रकरणापासून सहाव्यापर्यंत वाच," मी मैत्रिणीला शिफारस केली. "सातव्यात राज्याभिषेक आहे, तो सोडलास तरी चालेल."

श्रावणात ऑपरेशन झालं. आईला काळा चष्मा लागला, वाचायची बंदी झाली, म्हणून संध्याकाळी मैत्रीण तिला वाचून दाखवू लागली. दर रविवारी मी एसटीने अष्टमीला जाई. पेणला त्या दिवसांत आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गणपती वाळत ठेवलेले असत, घरातून निघायचं तर अंग चोरून चालावं लागे. अष्टमीला निदान पाय पसरून बसता यायचं.

पहिल्याच रविवारी आईने मला धरलं. "ती दासी कुठं गेली गो?"

"आता राज्याभिषेक आहे ना, आई," मी म्हटलं.

"राज्याभिषेक मला पाठ हाय. ती कुठं गेली? एवढी फुलं माळली, आन् मग लेखक तिला विसरला? असा कसा विसरतो माणूस?"

म्हणून मी दुसरी शिफारस केली. बंगालीतून आलेली, नदीकाठच्या दोन विधवांची. गोष्ट सुरेख होती, पण शेवटी एक नदीत जाते. तेवढी शेवटची पानं गाळायची असं आमचं ठरलं होतं. मैत्रीण वाचनाच्या भरात विसरली. पुढच्या रविवारी मी उंबऱ्यात पाय ठेवते तोच आतून आवाज आला, "आली का मास्तरीण? डॉक्टर सांगतो डोळ्यांतून पाणी काढू नका, आन् तू असली पुस्तकं देतेस? काय वाईट केलं होतं त्यांनी कोणाचं? सुखानं रांधून खात होत्या!"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. पेरलेलं उगवू लागलं होतं, पण भाच्याचा दिवसही जवळ आला होता.

तिसरं पुस्तक मला मुंबईच्या रद्दीत मिळालं, इंग्रजी. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बंदरात खानावळ चालवणाऱ्या दोन बायका. दोघी म्हाताऱ्या होतात आणि शेवटच्या प्रकरणात मासे जास्त खारवले यावरून कडाकडा भांडतात. कोणी मरत नाही. मी रात्रंदिवस हेच शोधत होते.

इंग्रजी असल्यामुळे वाचायचं काम घाटावरचीकडे आलं. ती ओळीवरून बोट फिरवत मराठीतून सांगायची. त्या रविवारी मीही ऐकत बसले होते. मैत्रिणीला धीर धरवेना, ती स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना कुकर लावून बसली.

"ह्यांच्या घरचे काय बोलले नाय?" आईने मध्येच विचारलं.

"बोलले ना."

"मग?"

"मग थकले."

आई हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आन् मागणी नाय आली कोणाची?"

"आली. एका चांगल्या मुलाची. परमनंट होता."

मी दचकले. ते पुस्तक मी वाचलं होतं. त्यात असा मुलगा नव्हता.

"मग हिनं काय सांगितलं?"

घाटावरचीचं बोट एकाच ओळीवर थांबलं होतं. "तिने सांगितलं, मुलगा चांगला आहे, पण माझं घर झालंय. याच घरात. मला दुसरं नको."

आतून कुकरची शिट्टी झाली. आईने काळा चष्मा काढला, जो तिने मुळीच काढायचा नव्हता, आणि घाटावरचीकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे मैत्रीण हातात पक्कड घेऊन उभी होती.

"कुठल्या पानावर हाय हे?"

घाटावरचीने पुस्तक मिटलं.

"अगो, मी डोळ्यांनी अधू झाले, कानांनी नाय," आई म्हणाली. तिने चष्मा परत लावला. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. शेवटी म्हणाली, "भाच्याला फोन लाव."

मैत्रिणीने लावला. आई फोनवर नेहमीच ओरडून बोलते, त्यामुळे अर्ध्या अष्टमीने ते ऐकलं असणार. "येऊ नको रे. तिचं झालेलं हाय... मलापण आत्ताच समजलं... कोणाशी ते तुला काय करायचंय? गाडी पूस तुझी!"

आमच्याकडे गौर आली की सुना सुपात फळं, भाज्या, पानसुपारी भरून तिच्यापुढे धरतात, त्याला ओवसा म्हणतात. नव्या सुनेचा पहिला ओवसा बघायला आळीतल्या बायका जमतात. गडबला परत निघताना आईने घाटावरचीला एवढंच सांगितलं, "गौरीला सूप घेऊन ये."

तिच्याकडे ही रीत नव्हती. तिने रोह्याच्या बाजारातून सूप घेतलं ते प्लॅस्टिकचं, लालभडक. मीही त्या दिवशी गडबला होते. ते सूप बघून आईने कपाळावर हात मारला, माळ्यावरून आपलं वेताचं सूप काढलं, झटकलं आणि सगळं सामान स्वतः त्यात ओतलं.

शेजारीण दारात येऊन उभी होती. "ही कोणाची गो?"

"आमचीच," आई म्हणाली.

"सून काय? तुला तर मुलगा नाय!"

"नाय तर नाय. ओवसा बघायचा तर आत ये, नायतर दार सोड, उजेड अडवलास."

शेजारीण आत आली. सुपात डोकावून म्हणाली, "काकडी नाय ठेवली."

"घाटावरची हाय," आई म्हणाली. "शिकेल पुढल्या वर्षी."