धुतलेला स्वेटर

डागमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात तीस वर्षं डाग काढण्याचं काम केल्यावर खरं नाव विचारतो कोण? शाई असो, गंज असो, लिपस्टिक असो, मास्तर कापड उजेडात धरायचे, नाकाशी न्यायचे आणि मान हलवून म्हणायचे, "निघेल." आणि डाग निघायचाच. त्यांच्या स्वतःच्या अंगावर सलग दोन दिवस एकच शर्ट कुणी पाहिला नव्हता. माणूस चांगला, पण स्वच्छतेचं खूळ असं की घरच्यांच्या नाकी नऊ यावेत.

घरची म्हणजे बायको आणि तिचा कुत्रा ढब्बू. कुत्रा तिचाच. मास्तरांना तो ओळखायचा, शेपूट हलवायचा, पण ते घरात भाडेकरू असल्यासारखं. बायकोचा एक निळा स्वेटर होता, डाव्या बाहीवर चहाचा जुना डाग असलेला. तो डाग मास्तरांच्या डोळ्यांत सलायचा. दे इकडे, दोन मिनिटांचं काम आहे, असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले. तिचं उत्तरही ठरलेलं होतं.

"राहू दे. तुमच्या हातात घर दिलं तर माणसंसुद्धा धुऊन वाळत घालाल."

मग ती गेली. चार दिवसांचा ताप काय, आणि माणूस नाहीसं काय! मास्तरांना दुःख झालं की ते धुवायला बसायचे. तिच्या चादरी, साड्या, उशांचे अभ्रे, सगळं धुऊन, इस्त्री करून कपाटात गेलं. स्वेटर तेवढा धुवायचा राहिला, कारण ढब्बूने तो दारामागच्या खुंटीवरून आधीच ओढून कोपऱ्यात नेला होता. मास्तर कामावर गेले की दिवसभर तो त्यावर पडून असायचा. घरमालकीण काकू खालच्याच मजल्यावर राहायच्या. वर कुत्रा आहे हे विसरायला होतं, असं त्या कौतुकाने सांगायच्या. अकरा महिने असेच गेले.

आता मास्तरांना काय अवदसा आठवली पाहा. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी झाडू मारताना स्वेटर उचलला. केसांनी भरलेला, कुबट, मळकट. बिचाऱ्या मुक्या जिवाने असल्या घाणीत का झोपावं, असं त्यांना मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन त्यांनी तो गार पाण्यात, हाताने, जावळ धुवावं तसा धुतला. चहाचा डागही काढला. संध्याकाळी घरी आणून कोपऱ्यात नीट पसरला आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून ढब्बूने गळा काढायला सुरुवात केली. मास्तरांनी जिना उतरायचा अवकाश, की वरून हेल काढून रडणं सुरू, ते संध्याकाळपर्यंत. दाराचा रंग नखांनी खरवडला गेला. मास्तरांनी रेडिओ लावून पाहिला, खोलीतला दिवा चालू ठेवून पाहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी म्हातारपण म्हणून गोळ्या दिल्या. काहीच उपयोग झाला नाही. काकू वाईट नव्हत्या, पण त्यांचे यजमान आजारी, अंथरुणाला खिळलेले. आठ दिवसांत कुत्र्याची दुसरीकडे सोय करा, नाहीतर खोली सोडा, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. चौदा वर्षांच्या कुत्र्याला कोण घेणार? दुकानातली इस्त्रीवाली ताई बोलायला फटकळ. तिने सगळं खोदून खोदून विचारलं आणि हातातली इस्त्री उभी ठेवली.

"मास्तर, कुत्रा स्वेटरवर नव्हता हो झोपत. वहिनींपाशी झोपत होता. त्यांना तुम्ही धुऊन टाकलंत."

मास्तर खाली बसले. घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं आणि एकेक साडी नाकाशी लावून पाहिली. सगळ्यांना साबणाचाच वास. तीस वर्षं जे नाक डाग ओळखत आलं, त्याला बायकोचा मागमूससुद्धा सापडेना. आपल्या हाताला आग लागो, असं त्यांना वाटलं.

पण आठ दिवस हातात होते. ताईने उपाय सांगितला होता आणि तो मास्तरांच्या जिवावर येणारा होता. त्यांनी तो स्वेटर स्वतः घातला. बायकी, दंडात घट्ट, बटणं न लागणारा. कामावर तोच, झोपताना तोच, साबण बंद. दुकानात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. तिसऱ्या दिवशी कप कलंडला आणि बाहीवर चहा सांडला. हात सवयीने डाग काढायच्या बाटलीकडे गेला. मालक म्हणाले, काढून टाका, गिऱ्हाईक काय म्हणेल. मास्तर म्हणाले, "राहू दे."

घामाचा, वाफेचा, बिडीचा, म्हाताऱ्या माणसाचा असा एक वास हळूहळू त्या लोकरीत मुरला. ढब्बू पहिल्यांदाच संध्याकाळी त्यांच्या मांडीशी येऊन हुंगू लागला. पाचव्या दिवशी तो तिथेच झोपला.

आठव्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वेटर काढून कोपऱ्यात ठेवला. ढब्बूने तो हुंगला, दाराशी जाऊन आला, पुन्हा हुंगला. मास्तरांनी कुलूप लावलं आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन श्वास रोखून उभे राहिले. खाली काकूही दार किलकिलं करून उभ्या होत्या. वरून एकदा नखांचा आवाज आला, मग काहीच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"झोपला वाटतं," काकू हळूच म्हणाल्या. "राहू दे हो त्याला इथेच."

मास्तरांनी मान हलवली. जीव भांड्यात पडला खरा. पण आजपासून ढब्बू त्यांची वाट बघणार होता. अकरा महिने रोज तिची वाट बघणारं त्या घरात कुणीतरी होतं, तेही आता उरलं नव्हतं. मास्तर कठड्याला धरून तिथेच रडले. मग त्यांनी डोळे पुसले आणि ते कामावर गेले.