दारव्हा ते पोखरा, मार्गे आडे सर

आज मी जो काही आहे तो परशराम आडे सरांमुळे आहे. हे वाक्य त्यांच्यासमोर बोललो असतो तर "जो काही म्हणजे काय? नीट सांग" असं ते म्हणाले असते, म्हणून आधी तेच सांगतो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, यवतमाळच्या एका सरकारी कचेरीतला कारकून, आणि वर्षभरापूर्वी घेतलेल्या एका जुन्या चारचाकीचा मालक. त्याच गाडीचे टायर बदलायला गेलो होतो, तेव्हा सरांच्या पुतण्याचा फोन आला. सर दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत... टायरवाल्याने विचारलं, "भाऊ, चारही बदलायचे नं?" मी मान डोलावली. सरांना नेपाळला न्यायचं म्हणूनच तर ते बदलत होतो.

सर दारव्ह्याजवळ आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दहावीनंतर बाबांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं. शेतात कापूस, तूर, हात कमी. हे कळल्यावर सर एका संध्याकाळी वळकटी काखोटीला मारून आमच्या अंगणात आले. बाबांना वाटलं, गावाला निघाले असतील. "कुठं चालले सर?" "कुठंच नाही. तुमच्या घरी आलो, मुक्कामाले." "किती दिस?" "ते तुमच्यावर हाये. पोराच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करा, मी निघतो." बाबा हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत, कारण सर असे घोरायचे की गोठ्यातली गाय उठून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी चहाच्या आधीच बाबांनी सही केली. मला म्हणाले, "शिक बाप्पा. नाहीतर हा माणूस इथंच राहते."

मुक्काम हा सरांचा खास शब्द होता. ते बंजारा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून मुलखात जायचे, आणि कुठे थांबायचं हे पाणी, सावली आणि ओळखीचा माणूस पाहून ठरवायचे. मी 'थांबा' म्हटलं की सर चिडायचे. "थांबा एसटीचा असते बे. माणसाचा मुक्काम असते."

असा फिरस्त्यांच्या घरातला माणूस, पण स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेला नव्हता. आठवीत मी त्यांना विचारलं होतं, "सर, नकाशात दोन देशांच्या मधात ही तुटक रेघ हाये, ते जमिनीवर बी असते का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. नकाशाजवळ गेले, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी पाह्यली नाही. पाहून सांगतो." त्यानंतर त्यांनी पुष्कळ वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, गुडघे दुखायला लागले, पण उत्तर राहिलं होतं. मी गाडी घेतली त्या दिवशी पेढा हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "आता जाऊन पाहू नं गजू."

मग बेत सुरू झाला. नागपूर, शिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, सीमा ओलांडून पोखरा. सरांनी मोठ्या कागदावर रकाने आखले: पाहण्याजोगं काय, पाणी, सावली, माणूस. पेंचचं जंगल, भेडाघाटची नर्मदा, पोखऱ्याच्या तळ्यामागचा बर्फाचा डोंगर, हे सगळं पहिल्या रकान्यात होतं. पण सरांचा जीव शेवटच्या रकान्यात. मी हॉटेलं शोधली की ते तोंड फिरवायचे. दारव्ह्यातल्या एकाकडून नंबर घ्यायचा, त्याला विचारून पुढच्याचा, असं करत ते थेट उत्तर प्रदेशातल्या तांड्यापर्यंत पोहोचले. अनोळखी माणसाला फोन लावायचा, गोत विचारायचं, पाडा म्हणजे गोतातलं पोटकूळ विचारायचं, आणि दहा मिनिटांत तो माणूस यांचा मावसभाऊ नाहीतर साडू निघायचा. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आतून म्हणायच्या, "माह्या माहेरी कवा फोन नाही केला यानं."

गणित बरोबर आहे का ते पाहावं म्हणून एका रविवारी रंगीत तालीम ठरली. सकाळी सातला निघून नागपूर, जेवण, परत. वाटेत तीन तांडे. सरांनी तिन्हीकडे सांगितलं होतं, "फक्त चहाले येतो." आता, निवृत्त मास्तर पहिल्यांदा तांड्यात येतो आणि फक्त चहा पिऊन जातो, हे जगात कोणी ऐकून घेतलं असतं का? पहिल्या घरी कोंबडा कापलेला. दुसऱ्या घरीही तेच, वर पुरणपोळी. प्रत्येक घरी मला गोत विचारायचे, आणि मी कुणबी आहे म्हणायच्या आत सर सांगायचे, "माह्याच पाड्याचा हाये." तिसऱ्या घरी हात जोडले, तर त्या घरची म्हातारी दारात आडवी बसली.

"माह्या पोरीच्या लग्नाले काहून नाही आला तू?"

"मावशे, मले तवा तुमी कोण ते माहीतच नव्हतं."

"आता माहीत झालं नं? मग बस. त्या लग्नाचं जेवण आज जेवून जाय."

जेवलो. दिवस मावळला तेव्हा आम्ही कळंबपर्यंत पोहोचलो होतो. पासष्ट किलोमीटर. गाडीत सर पोटावर हात ठेवून हिशेब करत होते. "या चालीनं नेपाळले वीस दिस. माह्या आज्याचा बैल बी एवढंच चालत होता, गजू." आवाजात नाराजी अजिबात नव्हती.

अडचण माझ्या रजेची होती. आज देतो, उद्या देतो करत साहेबांनी दोन हंगाम काढले, आणि खरं सांगायचं तर मीही जोर लावला नाही. सर आहेतच, नेपाळही कुठे जात नाही, असं वाटायचं... शेवटी सर म्हणाले, "फोनवरचं मले खरं वाटत नाही. रजा भेटली की कागदावर कळव." मी टपालाने कळवलं. पत्र त्यांना मिळालं, त्यांनी ते वाचलं, आणि त्याच दिवशी वाटेवरच्या सगळ्या घरी फोन करून तारखा सांगितल्या. चार दिवसांनी ते गेले.

तेराव्याला गेलो तर काकू सरांचा फोन हातात धरून बसल्या होत्या. "रीवावाला इचारून राह्यला, गहू दळून ठेवू का म्हणते. काय सांगू त्याले?" त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मी त्याले दळ म्हणूनच सांगतो. ते रेघ हाये का नाही, ते कोणी तरी पाहाच लागन. मी येतो तुह्यासंगं." पुढच्या महिन्यात आम्ही निघतो आहोत.

सरांना पाठवलेलं पत्र काकूंनी मला वाचायला दिलं. ते असं:

"आदरणीय सर, सा. न. वि. वि.
रजा मंजूर झाली. वीस दिवस मागितले होते, पंधरा मिळाले, म्हणून रोज दोनच घरं घ्यावीत ही विनंती. लग्न चुकलेली घरं शक्यतो परतीच्या वाटेवर ठेवा. अर्जात 'सोबत कोण' असा रकाना होता. तिथे मी 'वडील' लिहिलं आहे. खोटं लिहिलं म्हणून रागावू नका, बाबांना विचारूनच लिहिलं. ते म्हणाले, 'लिही नं. मले तशीबी गाडी लागते.'
आपला,
गजानन"