फुंकर नको, वाफ

आमच्या वन्संनी जन्मभर एकच धोशा लावला: "पंखा बंद कर!" आम्ही उकाड्यात घामाने निथळतोय, आणि ह्या बाई दारंखिडक्या लावून अक्षरांवर सोनं चढवतायत. सोन्याचा वर्ख इतका पातळ, की शेजारून कोणी चालत गेलं तरी उडतो. त्यांच्या खोलीत शिंकायचीसुद्धा चोरी! थोरली नणंद, नाकाच्या शेंड्यावर राग. मीही काही गरीब गाय नाही, त्यामुळे लग्न होऊन आले त्या दिवसापासून आमची जुंपलेली.

शिकायला येणाऱ्यांना त्या सोन्याजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. आधी बोरू आणि काळी शाई. मग साधा पिवळा रंग. मग शिंपल्यात ठेवलेली सोन्याची पूड, तीही गोंदाच्या पाण्यात जपून कालवायची. "गोंद जास्त झाला तर सोन्याची माती होईल, बयो!" असं ओरडायच्या. वर्खाला हात लावायचा सगळ्यात शेवटी.

यंदा त्यांच्या छातीने दगा दिला आणि शिकवणी बंद पडली. चार शब्द बोलल्या की धाप लागायची. आणि नेमकं आताच त्यांना ह्यांच्या आठवणीचं पान पुरं करायचं होतं. हे म्हणजे माझा नवरा, वन्संचा पाठचा भाऊ. वाचनालयात उभा जन्म काढला, गेल्या वर्षी गेले. ते पान आज संध्याकाळी वाचनालयाच्या भिंतीवर लागणार होतं. "तो रोज सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचा," अशी त्याची सुरुवात. सगळं लिहून झालं होतं, फक्त पहिल्या मोठ्या 'तो'वर सोनं चढायचं राहिलं होतं.

त्या 'तो'वर खडूची भुकटी, गोंद, साखर आणि चिमूटभर गेरूचा लेप दिलेला, वाळून टणक झालेला. त्यावर नळीतून तोंडाची वाफ सोडायची. लेप क्षणभर चिकट होतो, तेवढ्यात वर्ख टेकवायचा. वन्संनी नळी तोंडाला लावली आणि खोकल्याची अशी उबळ आली की मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं. थुंकीचा थेंब पानापासून बोटभर लांब पडला.

"राहू द्या ना ते सोनं!" मी चिडले. "काळं अक्षर काय वाईट दिसतं?"

"माझ्या भावाचं पान... अर्धं नाही देणार मी." त्यांनी नळी माझ्या हातात कोंबली. "तू सोड."

माझी पाचावर धारण बसली. स्वयंपाक करताना भांडी आपटणारी बाई मी! वन्संनी कुंचल्यावर वर्ख उचलला. मी छाती भरून घेतली आणि फूऽऽ करून मोकळी झाले.

वर्ख उडाला, चुरगळला, वन्संच्या बाहीला जाऊन चिकटला.

"अगं, चहा गार करतेस का? फुंकर नको, वाफ!"

"आता दोन्हींत काय फरक?"

"फुंकर गार असते. लेप वाळतो तिने." डबीत एकच धड वर्ख उरला होता. तो त्यांनी कुंचल्यावर उचलला. "त्याचा चष्मा कसा पुसायचीस?"

रोज सकाळी हे दारात चपला घालत उभे, आणि मी चष्म्याच्या काचेवर हाऽऽ करून बाहीने पुसून हातात द्यायची. त्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाहीत.

नळी धरली. घशातून, अगदी हळू, हाऽऽ.

आणि माझा मेलीचा हात आपसूक पुढे गेला, बाहीने पुसायला! वन्संनी मनगट पकडलं, नखं रुतली. दुसऱ्या हाताने त्यांनी वर्ख टेकवला. वर पातळ कागद ठेवून अंगठ्याने दाबला. आम्ही दोघींनी श्वास रोखलेला. मग अकीक दगडाच्या गुळगुळीत घोटणीने कागदावरूनच घोटलं, कागद उचलला, आणि 'तो' लखलखीत वर आला. कुठे फाटला नाही, कुठे उघडा राहिला नाही.

वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

"किती स्वच्छ असायचा गं त्याचा चष्मा," त्या म्हणाल्या.

माझा बांधच फुटला. तशी लगेच ओरडल्या, "पानावर नको! रडायचं तर बाहेर जा!" आणि धापा टाकत, माझं मनगट न सोडता, त्याही माझ्यामागून बाहेर आल्या.