सरूच्या नावाचा पत्रा

धरणगावहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. सरू, माझी बायको, गेल्यापासून गावाबाहेर पडायची ही पहिलीच वेळ. वर्षश्राद्धाला तिचं नाव घातलेले स्टीलचे डबे भाऊबंदांत वाटायचे, असं मी ठरवलं होतं. पण लेक सुनंदा धुळ्याला देवपुरात शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आबा, डबे नको. शाळेच्या पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर ऊन अडवायला स्टीलचे पत्रे लावतोय. एक आईच्या नावाचा द्या."

ऊन अडवायला स्टील? उन्हातल्या ताटाला हात लावून बघा. मला काही उमजेना.

पारोळ्याला शेजारी बसलेल्या गड्याने विचारलं, "कोठे चालनात, आबा?" (कुठे निघालात?)

"पत्रा बघायला."

"भंगारना धंदा शे का?" (भंगारचा धंदा आहे का?)

"नाही. बायकोचं श्राद्ध."

तो उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात आधी चुकीच्याच शाळेत शिरलो. शिपायाने बाहेर काढलं.

सुनंदाने शेवभाजी-भाकरी खाऊ घातली आणि पत्रा दाखवला. पार चाळणी! मधे मोठ्या भोकांनी लिहिलेलं, सरूबाई.

"एवढ्या भोकांतून ऊन थांबणार कसं?"

पत्रे बसवणारा फिटर हसला. "आबा, भिंतीपासून वीतभर लांब बसवतो. पत्रा तापतो, मधली हवा वर निघून जाते. आत नुसता उजेड."

शेजारच्या वर्गाला असा पत्रा लागला होता. खिडकीच्या काचेला हात लावला. चटका नाही. इकडे सुनंदाच्या वर्गात मात्र पोरींनी बाकं खिडकीपासून लांब ओढलेली.

फिटरने विचारलं, "नाव बाहेरून सरळ ठेवू की आतून? दुसरीकडून उलटं दिसणार."

डब्याला असली भानगड नसते. सुनंदा म्हणाली, "बाहेरून. रस्त्यावरच्यांना दिसू दे."

मी गोंधळलो. खिडकीजवळ रिकाम्या जागी जाऊन उभा राहिलो. सरूला अक्षर येत नव्हतं. डब्यावरचं नाव ती बोटाने चाचपून ओळखायची. रस्त्याने जाताना पदर पुढे ओढायची.

"आतून," मी म्हणालो. "पोरींना वाचू दे."

सुनंदाने डोळे पुसले. पत्रा चढला तशी बाकं पुन्हा खिडकीकडे सरकली.

परतताना रिक्षावाल्याने मान वळवून शाळेच्या खिडकीकडे पाहिलं. "बघा आबा, नाव उलटं बसवलं! काय लोकं आहेत!"

"बिनडोक," मी म्हणालो.

धरणगावला पोचून कुलूप काढलं. घर नुसतं तापलेलं. स्टीलने खोली गार कशी होते, ते मला अजून कळलेलं नाही. पण आता दुपारच्या वेळी तिच्याजवळ कोणीतरी बसलेलं असेल.