फळीखालची रेघ

शिवणवाल्या काकू भिंतीशी बोलतात, ही बातमी तळमजल्यावर पोचेपर्यंत काकू भिंतीवर चढू लागल्या होत्या! खरं एवढंच, की स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, केमो चालू, आणि फिजिओवाल्या बाईंनी बजावलेलं, "बोटं भिंतीवरून हळूहळू वर न्या, हात आखडू देऊ नका." बोटं जिथवर पोचत, तिथे काकू शिवणाच्या खडूनं रेघ मारत. डोळा मात्र वरच्या फळीवर. कापडाचे तागे तिथे होते, आणि ते स्वतःच्या हातानं काढल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

काका त्यांना चहाचा कपसुद्धा उचलू देत नसत. एका सकाळी त्यांनी मोठ्या प्रेमानं भिंत पुसून लख्ख केली. मग काकूंचा चहाचा कप घेऊन आले, तर त्या खडू हातात धरून कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. तेव्हा चूक कळली आणि काकांचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, मला वाटलं मळ आहे. सगळी मेहनत गेली की तुझी! पड आता जरा."

काकूंनी बोटं सावकाश वर नेली. ती फळीच्या चार बोटं खाली थांबली. तिथे त्यांनी ठळक रेघ मारली.

"मेहनत भिंतीत नव्हती हो, दंडात आहे. द्या तो कप इकडे."