रेवा हे नाव बाहुलीचं होतं

बाहुलीला नाव द्यायला मला वेळ लागतो. नवी बाहुली आली की मी तिला कपाटाच्या वरच्या फळीवर बसवते आणि काही दिवस नुसती जाता-येता बघते. सकाळच्या उन्हात ती कशी दिसते, दिवा लागल्यावर कशी, मान कुठल्या बाजूला कलते. मग एखाद्या दिवशी वेणी घालताना नाव आपोआप तोंडात येतं. नाहीच आलं तर थांबायचं. सियागंजच्या बाजारातून आणलेली एक काचेच्या डोळ्यांची बाहुली कितीतरी महिने बिननावाची राहिली. मी तिला ‘ही’ म्हणत असे.

नावाला एवढा मान द्यायचा, हे मला समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी शिकवलं. त्यांचे यजमान जुन्या संस्थानाच्या नोकरीत होते आणि विलायतेहून येताना बाहुल्या आणत. बाईंचं काचेचं कपाट भरलेलं होतं. त्या बाहुल्यांची नावं खोक्यावर छापलेली असत, आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांच्या नावांसारखी, उच्चारायला कठीण. मी एकदा हळूच विचारलं होतं, “ही नावं तुम्ही बदलत का नाही?”

“जी नाव घेऊन आली तिचं कशाला बदलायचं?” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या मुलीचं बारसं आपण परत करतो का?”

माझ्या बाहुल्यांमध्ये रेवा सगळ्यांत साधी. लाकडाची, ओंकारेश्वरच्या जत्रेतली. घाटावर माझ्या हातून निसटून ती नर्मदेत पडली, नावाड्याने काढून दिली, तोवर एका गालाचा रंग उतरला होता. घरी येईपर्यंत ती माझ्या रुमालात ओली होती. तिचं नाव शोधावं लागलं नाही.

दादाचं लग्न ठरलं त्या वर्षी संस्थान जाऊन मध्य भारत झाला होता. वडिलांचं ऑफिस सहा महिने इंदूरला नि सहा महिने ग्वाल्हेरला असायचं, आणि तेव्हा वडील ग्वाल्हेरला होते. ते नसले की घरात शेवटचा शब्द आत्याचा. ते असले तरी तिचाच. मुलगी देवासची, मॅट्रिक झालेली. पसंती झाली, याद्या झाल्या, आणि मग आत्याच्या लक्षात आलं की मुलीचं नाव आणि आईचं नाव एकच आहे.

“एका घरात कसं चालेल?” आत्या म्हणाली. “सासूला हाक मारली तर सून ओ देईल.”

“मला कोण नावानं हाक मारतंय?” आई म्हणाली. ती गहू निवडत होती आणि ते वाक्य तिने गव्हाकडे बघूनच म्हटलं.

“मारो न मारो, नाव तर आहे ना? मीच ठेवलेलं आहे ते. किती शोभतं तुला.”

हे खरं होतं. आईचं हे नाव तिच्या माहेरचं नव्हतं. तिच्या लग्नात, पाटावर बसल्यावर, आत्याने काढलेलं होतं. म्हणजे आत्याने आईला जे नाव दिलं, त्याच्यामुळे आता देवासची एक मुलगी आपलं जन्माचं नाव सोडणार होती. हे मला त्याच क्षणी दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही, की दिसूनही कुणी बोललं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

“तुझं काय म्हणणं?” आत्याने दादाला विचारलं.

“काहीही ठेवा, चालेल,” दादा म्हणाला. तो पेपरातला क्रिकेटचा स्कोअर वाचत होता.

“ए मेमसाब,” आत्या माझ्याकडे वळली, “तू एवढ्या बाहुल्यांची नावं काढतेस, वहिनीचंही काढ की एक. फटाफट.”

“तिला नाव आहे,” मी म्हटलं.

“क्या?”

“तिला नाव आहे ना.”

“आहे म्हणूनच बदलायचं! नसतं तर बारसं नसतं केलं?”

दादा पेपराआडून हसला. आईसुद्धा थोडी हसली. आत्याची नजर तेवढ्यात उघड्या दारातून माझ्या खोलीतल्या कपाटावर गेली. “ती काय गं, नर्मदेत पडलेली? तिला काय म्हणतेस?”

मी सांगितलं नाही. दादाने सांगितलं, पेपर खाली न करता. “रेवा.”

“रेवा! वा, भई वा. नर्मदामाईचं नाव. छोटंसं आहे, तांदळात लिहायलाही सोपं. झालं काम.”

कपातला चहा निवलाही नव्हता. एका लाकडाच्या बाहुलीसाठी मी याच्याहून जास्त विचार केला असता.

मला भांडता येत नाही. शाळेत आम्हांला ताठ उभं राहायला आणि ‘येस, सिस्टर’ म्हणायला शिकवलं, त्याच्यापुढचं शिकवलं नाही. माझ्याकडे इंग्रजीत सुरेख वाक्यं होती आणि ती आत्यापुढे काडीच्या उपयोगाची नव्हती. आणि हीच आत्या संस्थानाचं नाव बदललं म्हणून दिल्लीला शिव्या देत होती! ‘मध्य भारत हे काय नाव झालं? कुणाला विचारलं होतं का आम्हांला?’ असं ती दारावर आलेल्या भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची. तो बिचारा म्हणायचा, “सही बात है, माँजी.”

लग्न झालं. घरी लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले आणि दादाने अंगठीने त्यात दोन अक्षरं लिहिली. वहिनीला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. ती ताटाच्या पलीकडे, दादासमोर मान खाली घालून बसली होती, त्यामुळे अक्षरं तिला उलटी दिसत होती. ती लावून वाचायला तिला थोडा वेळ लागला, आणि वाचून झाल्यावर तिने एकदाच वर, दादाकडे पाहिलं. दादा फोटोवाल्याकडे पाहत होता. आत्याने नाव सांगून साखर वाटली. मी साखर घेतली नाही. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

ज्याने नाव लिहिलं, त्याने त्यानंतर ते एकदाही उच्चारलं नाही. तो तिला ‘अगं’ म्हणे. वडील ‘सूनबाई’ म्हणत, मी ‘वहिनी’. रेवा म्हणणारी घरात एकटी आत्या, आणि तीही ‘रेवे’ म्हणायची, तेही काम असलं की.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोरच्या बाई आल्या. वहिनीने त्यांच्या हातावर डाळ ठेवली. “नाव काय ठेवलंत सुनेचं?” त्यांनी विचारलं.

“रेवा,” आत्या म्हणाली.

“रेवा?” बाई माझ्याकडे वळल्या. “ती तुझी बाहुली ना गं?”

दिवाणखान्यातल्या सगळ्या बायका हसल्या. आत्या सर्वांत मोठ्याने हसली. वहिनीही हसली, पण तिच्या हातातली पळी परत पातेल्यात गेली नाही, तशीच हवेत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली. “कुठली ती?” तिने विचारलं. मी फळीवरून बाहुली काढून दिली. वहिनीने तिचा रंग गेलेला गाल अंगठ्याने चोळून बघितला.

“हिचं नाव कुणी ठेवलं?”

“मी.”

“किती दिवस लागले?”

“ओंकारेश्वरहून घरी येईपर्यंत.”

“बरेच लागले,” ती म्हणाली. बाहुली तिने नीट, सरळ बसवून ठेवली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “माझ्या आजीने ठेवलंय माझं. इथे आल्यापासून एकदाही ऐकलं नाही मी ते. तू मार ना हाक. एकदाच. गच्चीवर वाळवणं आहेत, मी तिथे जाते. मोठ्याने मार.”

धाकट्या नणंदेने वहिनीला नावाने हाक मारायची नसते, आणि वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज शेवटच्या बाकावर पोचत नसे. पण त्या दुपारी माझ्या अंगात जे होतं ते लाजेपेक्षा मोठं होतं. मी अंगणात गेले आणि वर बघून तिचं नाव घेतलं. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

“ओ!” गच्चीवरून वहिनी म्हणाली.

“ओ?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली, आणि ओले हात तसेच घेऊन दारात आली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. त्या नावाने तिला हाक ऐकू आल्याला किती वर्षं झाली असतील, देव जाणे.

आत्या झोपेतून उठून बाहेर आली. “शरम आहे का? आईला नावानं हाक मारतेस?”

“आईला नाही. वहिनीला मारली.”

“ते आणखीनच वाईट! तिचं नाव रेवा आहे.”

“रेवा कपाटात आहे,” मी म्हटलं. “तुम्हांला रेवा हवी असेल तर तिला हाक मारा. बघा येते का.”

आत्याने हात उगारला. वडिलांनीसुद्धा माझ्यावर कधी उगारला नव्हता. तो हात खाली यायच्या आत आई मध्ये आली.

“वन्सं, राहू द्या,” ती म्हणाली. आत्याशी ती याच्यापेक्षा मोठं वाक्य क्वचितच बोलायची. त्या दिवशी बोलली. “ते नाव माझं कुठे आहे? तुम्ही दिलेलं. तिचं ते जन्माचं आहे. तिचं तिला राहू द्या.”

आत्या आत गेली आणि तिने दाराला कडी लावली. वर गच्चीच्या कठड्याशी वहिनी उभी होती, हाताला कुरडयांचा चीक लागलेला.

“मग तुझं कोणतं?” मी आईला विचारलं.

आईने ओले हात पदराला पुसले. सांगेल असं मला वाटलं.

“भाजी लागली असेल,” ती म्हणाली, आणि आत गेली.